उलटी बाजू बघणाऱ्या गायकवाडबाई

गायकवाडबाई आधी शेवट लिहायच्या.

वेबसाइटचं पान म्हणजे मागच्या बाजूला एचटीएमएल नावाचा मजकूर असतो. मथळा इथे सुरू झाला, इथे संपला; तक्ता इथे उघडला, इथे मिटला, असं सांगणाऱ्या त्यातल्या खुणांना टॅग म्हणतात. उघडणारा टॅग लिहून बंद करणारा विसरणं ही आमच्या ऑफिसातली रोजची चूक. बाई बंद करणारा टॅग आधी लिहायच्या, मग त्याच्या अलीकडे उघडणारा, आणि मग दोघांच्या मधे जाऊन मजकूर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, चुकून होतंय. म्हणून शेजारी बसून एक अख्खं पान मोजलं. एकशे चार जोड्या होत्या. एकदाही क्रम बदलला नाही.

"भाऊ, काय मोजताय?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

मी सांगितलं.

"एकशे पाच," त्या म्हणाल्या. "वरची एक तुम्ही सोडली."

मी परत मोजलं. एकशे पाच होत्या.

मोजणं हा माझा धंदाच होता. अंबरनाथच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं मी बोल्टांची जाडी मायक्रोमीटरने तपासली. कारखाना बंद पडला, आणि उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये वेबसाइट बनवणाऱ्या हरेशभाईंनी मला तपासनीस म्हणून घेतलं. मी म्हटलं, मला कम्प्युटर येत नाही. ते त्यांच्या सिंधी ढंगात म्हणाले, "चांगलं आहे ना साईं. गिऱ्हाइकाला पण येत नाही. तुम्हाला जे समजणार नाही ते त्याला पण समजणार नाही." दोन हजार चार साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मी बेलवलीहून कॅम्प पाचला जायला लागलो.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली पहिल्या मजल्यावर जीन्स शिवण्याचा कारखाना. दुपारी सगळ्या ओव्हरलॉक मशिनी एकदम सुरू झाल्या की आमच्या टेबलांवरच्या बाटल्यांतलं पाणी थरथरायचं. गायकवाडबाईंनी त्या खालच्या कारखान्यात नऊ वर्षं चेकिंगचं काम केलं होतं. शिवून आलेली प्रत्येक पँट उलटी करायची, आतली शिवण बघायची, सुटलेला धागा कापायचा, खोट असेल तिथे खडूची खूण करायची. त्या काळात त्यांनी अंबरनाथला संध्याकाळचा कम्प्युटर क्लास केला. "खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर यायला मला नऊ वर्षं लागली," असं त्या म्हणत. तक्रार नसायची त्यात. जिने किती, तेवढंच सांगितल्यासारखं.

धागे कापायची छोटी कात्री अजून त्यांच्या पेनच्या डब्यात असे, आणि सवयही गेली नव्हती. कुणी नवीन शर्ट घालून आला की बाई म्हणणार, "जरा बाही उलटी करा." हरेशभाईंच्या साडूने दिवाळीला भारी म्हणून घेतलेल्या कोटाचं अस्तर त्यांनी असंच उलटवलं होतं आणि "बाहेर छान आहे" एवढंच म्हणाल्या होत्या. तो माणूस तो कोट घालून आमच्याकडे पुन्हा आलेला मी पाहिला नाही.

पानाची उलटी बाजू बघायला मला त्यांनीच शिकवलं. ब्राउझरमध्ये सोर्स बघण्याची सोय असते. पान समोर दिसतं, सोर्स उघडला की त्याच्या मागचा मजकूर दिसतो. "सरळ बाजू गिऱ्हाइकाची. आपली बाजू ही," त्या म्हणाल्या. "खोट बाहेर दिसते, पण असते आत." त्यांची पानं आतून एखाद्या नीट घडी घातलेल्या कपाटासारखी होती. प्रत्येक ओळ आपल्या जागी, किती आत सरकवायची ते ठरलेलं. एचटीएमएल शिकून मला तेव्हा दोन महिने झाले होते, तरी त्यांचं पान मला वाचता येत असे. त्यांचा हट्टच तो होता. पान उघडलं की पान दिसलं पाहिजे.

दोन हजार सातच्या सुमारास अनिकेत आला. बदलापूरच्या शिरगावचा, इंजिनियर, सव्वीस वर्षांचा. आधीच सांगून ठेवतो, मुलगा वाईट नव्हता. हुशार होता आणि कामाला वाघ होता. त्याने आल्या आल्या ऑफिसात फ्रेमवर्क आणलं. म्हणजे सांगाडा तयार, आपण फक्त भरायचं. त्याबरोबर आले हेल्पर. हेल्पर म्हणजे तयार फंक्शन. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, एचटीएमएल हाताने लिहायचं नाही. फंक्शनला हाक मारायची, ते स्वतःच टॅग लिहून देतं.

पहिल्याच आठवड्यात दोघांची जुंपली. मी मधल्या टेबलावर होतो.

"मॅडम, एक लाइन लिहा, पाच लाइनी आपोआप येतात. हातानं घासत कशाला बसायचं?"

"त्या पाच कोण लिहितं?"

"हेल्पर."

"काय लिहितो ते बघितलं तुम्ही?"

"बघायचं कशाला? नाही बघावं लागत म्हणून तर हेल्पर आहे ना."

"मग माझ्याकडून नाही होणार," बाई म्हणाल्या. "न बघता मी कधी पास केलं नाही."

"मॅडम, ये जीन्स नहीं है."

"हो ना. जीन्स निदान उलटी करता येते. तुमची फाइल उघडली तर आत नुसत्या हाका. माणूस कोणीच नाही."

ऑफिसातली पोरं हसली. अनिकेतचे कान लाल झाले. पण तो हरेशभाईंकडे गेला, आणि त्याचं म्हणणं सरळ होतं. चार जण चार पद्धतीने लिहितात. उद्या सगळ्या फॉर्ममधली एक गोष्ट बदलायची तर दोनशे ठिकाणी बदलावी लागते. हेल्पर असेल तर एका ठिकाणी. हरेशभाईंनी मला बोलावून सांगितलं, दोघांना एकच फॉर्म बनवायला सांगा आणि आकडे द्या.

मी दिले. बाईंना एक तास दहा मिनिटं, एकशे अठ्ठेचाळीस ओळी. अनिकेतला बावीस मिनिटं, एकसष्ट ओळी. चुका दोघांच्या शून्य.

हरेशभाईंनी नियम केला. दिवाळीनंतर सगळी टेम्प्लेटं हेल्परमध्ये. जुनी पानंही हळूहळू बदलायची. ज्याला जमणार नाही तो फीडिंगच्या टेबलावर. फीडिंग म्हणजे मालाची नावं आणि वर्णनं दिवसभर टाइप करत बसायचं, पानाला हात लावायचा नाही. नियम सगळ्यांसाठी होता, पण तो कुणासाठी होता हे सगळ्यांना माहीत होतं. बाईंची तेव्हा दोनशे बारा पानं चालू होती.

संध्याकाळी जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, बाई, आकडे मी दिले.

"खरे होते ना?"

"खरे होते."

"मग मान खाली कशाला घालता? खोटे दिले असते तर मी तुमच्याशी बोलले नसते." दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या. "पण तुम्ही लिहायला किती वेळ लागला ते मोजलं, भाऊ. वाचायला किती लागतो ते नाही मोजलं."

ते खरं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला सुचलं नव्हतं.

आता बाईंची चूक. ती गाळली तर हे लिहिण्यात अर्थ नाही.

खालच्याच बाजारातल्या एका जीन्सच्या व्यापाऱ्याची साइट बाईंनी हाताने लिहिली होती. मालाच्या नावात कमरेचं माप असे आणि मापापुढे इंचाची खूण, वरती दोन छोट्या रेघा. बत्तीस इंच काळी, बत्तीस इंच निळी, अशी नावं. एचटीएमएलमध्ये असं नाव कुठे सुरू झालं नि कुठे संपलं ते तशाच दोन रेघांनी दाखवतात. त्यामुळे नावातली इंचाची खूण आली की ब्राउझरला वाटायचं, नाव संपलं. बत्तीसच्या पुढचं सगळं गळून जायचं. काळी काय नि निळी काय, ऑर्डर नुसती "३२" म्हणून पोचायची. नागपूरच्या एका दुकानाला काळ्याच्या जागी निळ्या पँटी गेल्या. दुकानदार फोनवर जे बोलला ते हरेशभाईंनी स्पीकर लावून सगळ्यांना ऐकवलं.

हेल्परने लिहिलं असतं तर असं झालं नसतं. तो अशा खुणा आपोआप बदलून घेतो. अनिकेत हे सगळ्यांसमोर म्हणाला, आणि ते बरोबर होतं.

बाई उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे. मी तपासलं तेव्हा नावात इंच टाकून बघितला नाही. जीन्सच्या कारखान्यात नऊ वर्षं काढून मी इंच विसरले." कुणी हसलं नाही. "खुणा बदलायचं जे फंक्शन आहे तेवढं मला द्या. ते मी सगळीकडे लावते. आजपासून."

"मग बाकीचे हेल्पर पण घ्या ना मॅडम. इतना क्या प्रॉब्लेम आहे?"

"ते एक काम करतं आणि काय करतं ते मला कळतं. बाकीचे काय करतात ते कळलं की बोलू."

दोनशे बारा पानं. त्यांनी अकरा दिवसांत प्रत्येकात ते फंक्शन लावलं. मी प्रत्येक पानावर नावात इंच घालून तपासलं. एकही गळलं नाही.

त्यानंतर बाईंनी अनिकेतकडून फ्रेमवर्कच्या हेल्परची फाइल मागून घेतली आणि छापली. खूप पानं झाली. रोज डब्याच्या सुट्टीत भाकरी एका हाताने खात त्या ती वाचू लागल्या. प्रोग्रामिंग त्यांना येत नव्हतं. मग चौकटीच्या वहीत त्यांनी एक पद्धत काढली. डाव्या पानावर हेल्परला मारलेली हाक. उजव्या पानावर त्याने लिहिलेलं एचटीएमएल, सोर्समधून जसंच्या तसं उतरवलेलं. एकेक हेल्पर स्वतः चालवून, उलटी बाजू बघून. ऑफिसात बोललं गेलं की बाई वाकल्या. अनिकेतलाही तसंच वाटलं असावं, कारण तो मऊ झाला. एकदा त्याने त्यांच्या टेबलावर चहा आणून ठेवला. "काही अडलं तर विचारा हां मॅडम."

"अडलं की विचारीन," बाई म्हणाल्या. "अजून तुमचा हेल्परच माझ्याकडे अडकलाय."

दिवाळीला तीन आठवडे राहिले असताना दुसऱ्या एका व्यापाऱ्याचा ऑर्डर फॉर्म चालू झाला. हा अनिकेतने संपूर्ण हेल्परने लिहिला होता, दिसायला देखणा. गिऱ्हाइकाने किती नग हवेत ते लिहायचं, आणि पाच मापांच्या चौकटींपैकी हव्या तेवढ्यांवर टिक करायची. नग मापांत सारखे वाटले जाणार. चोवीस नग आणि तीन मापं, म्हणजे प्रत्येकी आठ. कम्प्युटर म्हणत होता, प्रत्येकी तीन.

अनिकेत तीन दिवस त्यात डोकं घालून होता. हिशोब करणारा कोड दहा वेळा वाचला. फॉर्मची फाइल वाचली; त्यात चौकटींसाठी एकच ओळ होती आणि ती चोख होती. व्यापारी रोज वर येऊन बसू लागला. तिसऱ्या दिवशी हरेशभाईंचा आवाज चढला आणि अनिकेत चेहरा पाडून बसला. त्या दिवशी त्याने डबासुद्धा उघडला नाही.

मी माझं काम करत होतो. एक टिक केली, दोन केल्या, तीन केल्या, आणि कम्प्युटर किती मापं धरतो त्याचा तक्ता केला. एकाला सहा, दोनाला सात, तिनाला आठ. तक्ता घेऊन मी अनिकेतकडे निघालो होतो. वाटेत बाईंचं टेबल. त्यांनी हात पुढे केला, मी कागद दिला.

त्यांनी तो अर्धा मिनिट बघितला असेल. "नेहमी पाच जास्त," त्या म्हणाल्या. "चौकटी किती आहेत?"

"पाच."

त्या उठल्या नाहीत. आपल्याच कम्प्युटरवर तो फॉर्म उघडला आणि सोर्स बघितला. मग वही काढून चौकटीच्या हेल्परचं पान उघडलं, वही उलटी करून माझ्यापुढे सरकवली. उजव्या बाजूला त्यांच्या बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. एका हाकेला हेल्पर दोन चौकटी लिहीत होता. एक दिसणारी, आणि तिच्याआधी एक लपलेली, जी नेहमी शून्य पाठवते. टिक न केलेली चौकट ब्राउझर पाठवतच नाही, म्हणून "इथे टिक नाही" हे कळावं यासाठी ही सोय केलेली. एरवी उपयोगी. इथे मात्र पाच लपलेली शून्यं मापं म्हणून मोजली जात होती.

"अनिकेत," बाईंनी हाक मारली. त्यांनी त्याला नुसत्या नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. "इकडे ये. फाइल नको बघू. पान उलटं कर."

तो आला, त्याने स्क्रीनवरचा सोर्स वाचला, मग वही वाचली. "हे मी तीन दिवस…" म्हणून थांबला.

"तू जे लिहिलंस ते वाचत होतास," बाई म्हणाल्या. "त्यात खोट नव्हतीच. जे लिहिलं गेलं ते वाचायला पाहिजे होतं."

चार मिनिटांत दुरुस्ती झाली. चोवीस नग, तीन मापं, प्रत्येकी आठ.

दुसऱ्या दिवशी हरेशभाईंनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. खुश होते. "बाई, मान गए. आता ऐका. तुम्ही हेल्परच्या हेड. सगळ्यांचे हेल्पर तुम्ही तपासायचे. फीडिंगची गोष्ट विसरा."

"आणि माझी पानं?"

"ती पण हेल्परमध्ये घ्यायची ना. तुम्हीच घ्या, तुमच्यासारखं कोण करणार?"

"ती चालतात. काही बिघडलंय का त्यांत?"

हरेशभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दोनशे बारातलं एकही गेल्या महिन्यात परत आलेलं नाही.

"बात वो नहीं है साईं. एका दुकानात दोन मापपट्ट्या चालत नाहीत. माझ्या नंतर हे कोण सांभाळेल? नवीन पोरगा आला तर त्याला एकच पद्धत शिकवीन."

मला तेही चूक वाटलं नाही. अनिकेत मधे बोलला, त्याने बोलायला नको होतं तरी बोलला. "भाईसाब, मॅडमची पानं राहू द्या. नुकसान काय आहे?"

"नियम नियम आहे," हरेशभाई म्हणाले.

बाई खुर्चीत नीट बसल्या. "साहेब, हेल्पर मला आता इथल्या कुणाहीपेक्षा जास्त येतात. उद्यापासून लिहायला सांगा, लिहीन. नवीन पान आलं, तर तुम्ही म्हणाल तसं. पण जे पान कुणालाही उघडून वाचता येतं, ते मी माझ्या हाताने बंद करणार नाही. न वाकता नऊ वर्षांत एक मजला चढले. आता परत खाली जायला सांगता, त्याला हेड म्हणता."

"मग फीडिंग," हरेशभाई म्हणाले. आवाजात राग नव्हता, नाइलाज होता.

"नाही. मग मी जाते. महिनाभर येईन, माझं काम पुरं करून देईन. पानं तुमची आहेत. दुसऱ्या कुणाकडून बदलून घ्या, मी अडवणार नाही."

त्यांच्या घरी त्या वेळी गरज होती की नव्हती, मला ठाऊक नाही. त्या घरचं बोलत नसत आणि मी विचारलं नाही. एवढं माहीत आहे की तो महिना त्या रोज साडेनऊला आल्या. एकही दिवस उशीर नाही. शेजारच्या टेबलावर त्यांची पानं बदलली जात होती. चाळीस झाली, पन्नास झाली. त्यांनी कधी तिकडे वळून बघितलं नाही. आपल्याकडचं राहिलेलं काम पुरं करत राहिल्या, आधी बंद करणारा टॅग, मग उघडणारा.

शेवटच्या दिवशी त्यांनी चौकटीची वही अनिकेतच्या टेबलावर ठेवली.

"वापर खुशाल," त्या म्हणाल्या. "पण उजवं पान वाचून."

तो उभा राहिला. "जय भीम, मॅडम," तो म्हणाला. त्याने आधी कधी म्हटलं नव्हतं. बाई हसल्या, "जय भीम" म्हणाल्या आणि कात्री पर्समध्ये टाकून निघाल्या.

पुढे मी आणखी दोन वर्षं तिथे होतो. निघण्याआधी मोजून आलो. दोनशे बारापैकी एकतीस पानं अजून बाईंनी लिहिली तशीच चालू होती. ती बदलायला कुणाला कारण सापडलं नव्हतं. अनिकेतच्या टेबलावर ती वही होती, आणि नवीन येणाऱ्याला तो पहिल्या दिवशी सोर्स बघायला लावत असे. याहून जास्त काही झालं असं मी म्हणणार नाही.

बाईंच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या मागोमाग जिना उतरलो होतो, पण हाक मारली नाही. रस्त्याच्या कडेला जीन्सची एक हातगाडी उभी होती, वर पँटींचा ढीग. बाई थांबल्या. वरची एक पँट उचलली, दोन्ही हातांनी झटक्यात उलटी केली आणि आतली शिवण कमरेपासून खालपर्यंत अंगठ्याने तपासत गेल्या.

"दीदी, सीधा देखो ना," गाडीवाला म्हणाला. "सीधा एकदम फर्स्ट क्लास है."

"वो तो दिख रहा है," बाई म्हणाल्या.

गुडघ्याच्या खाली त्यांचा अंगठा एका जागी थांबला. पर्समधून कात्री काढून त्यांनी तिथला लोंबणारा धागा कापला. मग पँट ढिगावर परत ठेवली, उलटीच, आणि चालू लागल्या. गाडीवाला ती सरळ करायला लागला, पण करता करता त्यानेही एकदा आत बघितलं.